स्त्री, शास्त्र आणि आजचा समाज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ख्रिस्ती विचारात स्त्रीचे स्थान काय आणि आजच्या धर्मनिरपेक्ष समाजात त्या विचाराने कसे जगायचे, या विषयावर गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहरातून आणि शिरोळ, गडहिंग्लज, पन्हाळा या तालुक्यांतून पत्रे आली. बरीचशी पत्रे इतक्या कळकळीने लिहिलेली आहेत की त्यांना दोन-चार ओळींत उत्तर देणे बरे दिसले नसते, म्हणून या वेळी थोडेच प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कास्टिंग तपासण्याचे काम करते. पहाटे पाचला उठून दोन डबे करते, मुलाला शाळेच्या रिक्षात बसवते आणि आठची शिफ्ट गाठते. रविवारी उपासनेला गेले की महिला मंडळातल्या ज्येष्ठ भगिनी सांगतात, बाईने उंबरठा ओलांडला की घर मोडते, देवाने बाईला घरासाठीच निर्माण केले आहे. सोमवारी कामावर गेले की सोबतच्या मुली म्हणतात, तुमच्यात तर लग्नातच ‘पतीच्या अधीन राहा’ असे वाचून दाखवतात, मग एवढे शिकून उपयोग काय? मी दोन्हीकडे अपराधी ठरते. ख्रिस्ती बाई म्हणून मी नेमके कसे असावे? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, मंडळीतल्या (चर्चमधल्या) भगिनी आणि कारखान्यातल्या मैत्रिणी यांचे एका बाबतीत एकमत आहे. बाईची किंमत तिच्या कामावरून ठरते, असे दोघींनाही वाटते. एकीच्या लेखी ते काम घरातले आहे आणि दुसरीच्या लेखी पगाराचे, इतकाच फरक. शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र वेगळ्या ठिकाणापासून सुरुवात करते. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, नर व नारी अशी ती निर्माण केली, असे त्यातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. लगेच पुढच्या वचनातला आशीर्वाद दोघांना आहे आणि पृथ्वीची जबाबदारीही दोघांवर आहे. कोणी कोणाची पत्नी, आई किंवा सून होण्याच्या आधी स्त्रीला ही प्रतिष्ठा मिळालेली आहे, म्हणून ती नोकरीने वाढत नाही आणि घरी बसण्याने कमीही होत नाही.

पुरुष स्त्रीवर सत्ता चालवील, हे वाक्य येते ते तिसऱ्या अध्यायात, आदाम-हव्वेच्या पापानंतर, आणि ज्या दुःखांच्या यादीत ते येते त्याच यादीत जमिनीला काटे-कुसळे येतील आणि माणूस घाम गाळून भाकरी खाईल, हेही येते. पंचगंगेच्या काठच्या कोणत्याही ख्रिस्ती शेतकऱ्याने, शास्त्रात काटे-कुसळे सांगितली आहेत म्हणून उसातले तण काढायचे सोडलेले नाही. मग त्याच परिच्छेदातली पुरुषाची सत्ता तेवढी देवाची इच्छा म्हणून जपून का ठेवायची, याचे उत्तर मला आजवर कोणत्याही प्रवचनात सापडलेले नाही.

येशूच्या वागण्यात तर याहून स्पष्ट उत्तर आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मार्था पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली आहे आणि तिची बहीण मरीया प्रभूच्या चरणांजवळ बसून ऐकते आहे. गुरूच्या चरणांशी बसणे ही त्या काळी शिष्याची जागा होती. गमलिएल या यहुदी गुरूच्या चरणांजवळ आपण शिकलो, असे प्रेषित पौलही सांगतो. मरीयेला स्वयंपाकघरात परत पाठवण्याची मागणी झाली आणि येशूने ती नाकारली. पुढच्याच अध्यायात गर्दीतली एक बाई म्हणते, तुला वाहणारे उदर आणि तुला पाजणारे स्तन धन्य. यावर येशूचे उत्तर असे की, देवाचे वचन ऐकून ते पाळणारेच खरे धन्य. आईपणाचा यात अनादर नाही. मात्र स्वतः येशूची आई मरीया हिची धन्यतासुद्धा केवळ मूल जन्माला घालण्यात नाही, असे तिचा मुलगा सर्वांदेखत सांगतो आहे. आपल्याकडे आईपणाचा गौरव करणारी प्रवचने पुष्कळ होतात, पण या दोन वचनांवरचे प्रवचन फार क्वचित ऐकायला मिळते, याची मला खंत वाटते.

‘बाईने उंबरठा ओलांडला की घर मोडते’ हे आपल्या भागातल्या मंडळ्यांच्या इतिहासालाही धरून नाही. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत या परिसरात जी ख्रिस्ती घरे उभी राहिली, त्यांतली कितीतरी शिक्षिका, परिचारिका आणि गावोगाव चालत जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या ‘बायबल बायका’ यांच्या कमाईवर उभी राहिली. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या ख्रिस्ती परिचारिकांनी घर मोडले, असे त्यांची नातवंडे तरी म्हणणार नाहीत. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातली सद्गुणी स्त्री शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते आणि तागाची वस्त्रे विकते. फक्त ती कविता स्तुतीची आहे, तिला वेळापत्रक करू नका. ‘तिचा दिवा रात्री विझत नाही’ हे वचन दाखवून पहाटे पाचपासून राबणाऱ्या बाईकडून आणखी कामाची अपेक्षा करणे हा त्या कवितेवरही अन्याय आहे.

आता लग्नात वाचला जाणारा इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय. मैत्रिणींचा आक्षेप खोटा नाही, पण अर्धा आहे, आणि ते वाचन अर्धवट करण्याची सवय आपल्यालाच लागलेली आहे. ‘ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन असा’ हे एकविसावे वचन सर्वांसाठी आहे आणि पत्नींविषयीचे वाक्य त्याला जोडूनच येते. पत्नीला उद्देशून तीन वचने आहेत, पतीला उद्देशून त्याहून कितीतरी अधिक आहेत, आणि पतीपुढे ठेवलेला आदर्श मंडळीसाठी स्वतःचा प्राण देणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. कुटुंबप्रमुखाला बायको, मुले आणि दास यांच्यावर अफाट अधिकार देणाऱ्या रोमी समाजात हे लिहिले गेले. त्याच मजकुरात पुढे दासांनाही आज्ञाधारक राहायला सांगितले आहे, तरी गुलामगिरी ही देवाने नेमलेली व्यवस्था आहे असे आज आपल्यापैकी कोणी मानत नाही. तेव्हा हा उतारा वाचायचाच असेल तर पूर्ण वाचावा, आणि त्यातले सर्वांत जड ओझे पतीच्या खांद्यावर आहे, हे पाळकांनी वरवधूंना लग्नाआधी समजावून सांगावे.

मैत्रिणींनाही एक गोष्ट सांगा. आजची संस्कृती स्त्रीला कायद्याने समान मानते, ही फार मोठी कमाई आहे. पण जाहिरातीत तिचे शरीर मालाशेजारी मांडले जाते, कामावर तिची उपयुक्तता आकड्यांत मोजली जाते, आणि आजारी सासूसाठी नोकरी सोडणारी बाई ‘काही करत नाही’ म्हणून गणली जाते. माणूस देवाच्या प्रतिरूपात आहे हे एकदा मानले की ही सगळी मोजमापे अपुरी ठरतात. तुम्ही फाउंड्रीत आहात म्हणून कमी ख्रिस्ती नाही आणि ख्रिस्ती आहात म्हणून कमी स्वतंत्र नाही. दोन डब्यांपैकी एक डबा उद्यापासून तुमच्या यजमानांनी करावा, असे मी सुचवीन, आणि त्यासाठी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय पंचविसाव्या वचनापासून दोघांनी मिळून वाचावा.

प्रश्न : मी आमच्या मंडळीत वडील (एल्डर) म्हणून सेवा करतो. आता मुलींना व्यासपीठावरून संदेश द्यायची, कार्यकारिणीत बसायची परवानगी मागितली जात आहे. ‘स्त्रियांनी मंडळ्यांत उगीच (म्हणजे गप्प) राहावे’ असे पौलाने स्पष्ट लिहिले असताना ही मागणी म्हणजे जगाच्या रीतीला शरण जाणे नव्हे काय? (गडहिंग्लज तालुका)

उत्तर : बंधुवर्य, शास्त्र पाळले जावे ही तुमची तळमळ मला मोलाची वाटते, म्हणून शास्त्राच्याच आधाराने उत्तर देते. तुम्ही उल्लेखलेले वचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात, स्त्री प्रार्थना करते किंवा संदेश देते तेव्हा तिने मस्तक झाकावे, असे पौल सांगतो. आपल्या मंडळ्यांत उपासनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतला जातो तो याच वचनाला धरून. संदेश देताना डोके कसे असावे हे सांगणारा पौल स्त्रीने संदेशच देऊ नये असे म्हणतो, हे जुळत नाही. त्यामुळे चौदाव्या अध्यायातली सूचना उपासनेतल्या गोंधळाविषयी आहे असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्या अध्यायाचा सगळा रोख सुव्यवस्थेवर असल्यामुळे मलाही ते पटते.

रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल ज्यांची नावे आदराने घेतो त्यांत किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी पहिली आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, असे प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. फिलिप्पाच्या चार अविवाहित मुली संदेश देत असत. इस्राएलाचा न्याय करणारी दबोरा होती, आणि मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा योशीया राजाने त्याचा अर्थ विचारायला माणसे पाठवली ती हुल्दा या संदेष्ट्रीकडे. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगण्याची आज्ञा सर्वांत आधी मरीया मग्दालीया हिला झाली. त्या पहाटे तिने उगीच राहायचे ठरवले असते तर शिष्यांपर्यंत ती बातमी नेणार कोण होते?

पौलाच्या नावे असलेल्या, त्याचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले, स्त्रीने शिकवू नये असे सांगणारे वचन सर्वांत कठीण आहे आणि ते मी टाळणार नाही. त्याविषयी शास्त्रावर मनापासून प्रेम करणाऱ्या ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. रोमन कॅथलिक चर्चने स्त्रीच्या प्रतिष्ठेवर १९८८ साली स्वतंत्र पत्र काढले, पण स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे १९९४ साली पुन्हा सांगितले. दुसरीकडे, १९७० साली स्थापन झालेले उत्तर भारतीय चर्च स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देते, आणि दक्षिण भारतीय चर्चमध्ये २०१३ साली ई. पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या. माझे मत असे की, ते पत्र इफिसातल्या खोट्या शिक्षकांच्या उपद्रवाबद्दल लिहिलेले आहे. त्यात ‘स्त्रीने शिकावे’ हेही सांगितले आहे, आणि शिकलेल्या स्त्रीला कायमचे गप्प बसवणे हा त्याचा हेतू असता तर त्याच पौलाने प्रिस्किल्लेला आपली सहकारी म्हटले नसते.

जगाला शरण जाण्याची तुमची भीती मी हलकी मानत नाही. फक्त पुरुषांनीच बोलावे ही रीतसुद्धा जगाचीच होती. ती जुन्या जगाची होती, म्हणून तिला शास्त्राचा मान मिळाला. एक गोष्ट तुम्ही पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाहावी अशी विनंती आहे. द्राक्षारसाचे छोटे पेले आदल्या दिवशी धुऊन, पुसून, एकेक उजेडात धरून पाहून ताटात रचणारे हात कोणाचे असतात, भाकरी कापून पांढऱ्या वस्त्राखाली झाकणारे हात कोणाचे असतात, आणि तेच ताट हातात घेऊन मंडळीत फिरवण्याची वेळ आली की ते हात कुठे असतात. या प्रश्नावर कार्यकारिणीत चर्चा व्हावी, आणि त्या चर्चेला त्या स्त्रियांनाही बोलवावे.

प्रश्न : माझे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले. गेल्या वर्षी मुलाचे लग्न झाले तेव्हा हळदीला मला आतल्या खोलीत बसायला सांगितले आणि हळद लावायला माझ्या जावेला पुढे केले. नातेवाईक म्हणाले, आपल्यात असे काही मानत नाहीत, पण उगीच कोणी बोलायला नको. शेजारच्या हेरवाडने ठराव केला, आम्ही ख्रिस्ती असून मागे राहिलो असे वाटते. (शिरोळ तालुका)

उत्तर : ताई, मुलाच्या हळदीला आईला आत बसवणे हा अन्याय आहे, आणि ‘आपल्यात असे मानत नाहीत’ असे म्हणत तो करणे हे आणखी वाईट, कारण जी गोष्ट आपण मानतच नाही तिच्याविरुद्ध कोणी बोलूही शकत नाही.

हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करायला सांगितले. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. हेरवाडच्या ग्रामसभेने हा निर्णय घेतला, याचा ख्रिस्ती माणसाला आनंद व्हायला हवा आणि थोडी लाजही वाटायला हवी, कारण अनाथ व विधवा यांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे हेच शुद्ध धर्माचरण, असे याकोबाचे पत्र कधीचे सांगते आहे. पहिल्या मंडळीत सेवेसाठी सात जण निवडले गेले तेही विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत असल्याची तक्रार आल्यामुळे. त्या वेळी प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही, व्यवस्था बदलली.

हळद, मांडव, मंगळसूत्र हे आपण इथल्या मातीतून घेतले आणि त्यात काही वावगे नाही. पण चालीसोबत तिच्यातला भेदही घेतला, आणि तो परत करायचे राहून गेले. तुमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत असा ठराव मांडता येईल की, मंडळीच्या सभासदांच्या घरच्या कोणत्याही मंगल प्रसंगी विधवा आईला किंवा बहिणीला मागे ठेवले जाणार नाही, आणि लग्न लावणाऱ्या पाळकांनी ही गोष्ट दोन्ही घरांना आधीच विचारून घ्यावी. तुमच्या सुनेचे डोहाळजेवण किंवा नातवंडाचे बारसे जेव्हा होईल तेव्हा पहिली ओटी तुम्हीच भरा. मुलालाही स्पष्ट सांगा; आई आतल्या खोलीत असताना त्याने हळद लावून घ्यायला नको होती.

प्रश्न : मी समाजशास्त्राचा विद्यार्थी आहे, ख्रिस्ती नाही. एकीकडे वाचतो की ख्रिस्ती मिशनऱ्यांनी स्त्रीशिक्षण आणले, दुसरीकडे वाचतो की धर्म कोणताही असो, स्त्रीला हक्क मिळाले ते धर्मनिरपेक्ष कायद्यानेच. खरे काय मानायचे? (शिवाजी विद्यापीठ परिसर, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि दोन्हींच्या मध्ये काही स्त्रिया उभ्या आहेत ज्यांची नावे या वादात हरवून जातात.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच काळात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावरून हिंदुस्थानातल्या काही बिशपांनी आक्षेप घेतला. आपल्या वडिलांनी किंवा पतीने असा आक्षेप कधी घेतला नव्हता, हे रमाबाईंनी त्यांना कळवले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. म्हणजे ख्रिस्ती होताच रमाबाईंना चर्चमधल्या पुरुषी अधिकाराशी झगडावे लागले, तरी त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही आणि स्वतःची बुद्धीही सोडली नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले, आणि हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. विधवा आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुली शास्त्राची पाने छापत आहेत, हे ख्रिस्ती स्त्रीत्वाचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके रूप आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरणही ध्यानात घ्या. पतीने १८९५ साली धर्मांतर केले म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षे दूर राहून, स्वतःची खात्री पटल्यावर, स्वतःच्या निर्णयाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता कायद्याची बाजू. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरेसे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचारासोबत क्रूरता किंवा त्यागासारखे आणखी एक कारण सिद्ध करावे लागे. मार खाणाऱ्या ख्रिस्ती बाईला केवळ मारहाणीच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे. ही विषमता मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली घटनाबाह्य ठरवली आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. केरळात मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच देणारा त्रावणकोरचा वारसा कायदा होता. तो आता लागू नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिला, आणि तो मिळवला मेरी रॉय या सीरियन ख्रिस्ती बाईने. घटस्फोटाच्या कायद्यातल्या बदलासाठीही ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता.

तुमच्या अभ्यासासाठी मी एवढे सुचवीन की धर्म एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला अशी मांडणी करू नये. राज्यघटनेच्या चौदाव्या आणि पंधराव्या अनुच्छेदांनी ख्रिस्ती स्त्रीला जे दिले ते तिच्या शास्त्रातल्या पहिल्या पानाशी विसंगत नाही. ते पान बंद ठेवणाऱ्यांच्या सोयीशी विसंगत आहे. देवाला न ओळखणाऱ्या पारसाच्या कोरेश राजाकडून देवाने आपल्या लोकांची सुटका करवली, असे यशया संदेष्टा सांगतो, आणि चर्चने जे करायचे टाळले ते न्यायालयाकडून झाले तेव्हा मला त्याच वचनाची आठवण होते. पण समानतेचा कायदा झाल्यावरही माणसाच्या मनात स्त्रीविषयी आदर कुठून येणार, हा प्रश्न उरतो. त्या प्रश्नापुढे कायदा थांबतो, आणि तिथून पुढे धर्माने बोलावे अशी माझी अपेक्षा आहे.

प्रश्न : माझी मुलगी चौतीस वर्षांची आहे, शाळेत शिकवते, लग्न करायचे नाही म्हणते आणि आनंदात आहे. पण प्रत्येक प्रार्थनासभेत कोणीतरी तिच्या लग्नासाठी मोठ्याने प्रार्थना करते आणि ती मान खाली घालून बसते. आता तिने सभेला येणेच सोडले आहे. (कसबा बावडा)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीच्या वतीने मला राग आला. एखाद्या मुलीच्या आयुष्यातली उणीव तिच्यादेखत देवाला ऐकवणे याला मी प्रार्थना म्हणत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल अविवाहित राहणे हे देवाचे दान मानतो आणि अविवाहित स्त्री प्रभूच्या गोष्टींची चिंता करते असे सांगतो. येशू स्वतः अविवाहित होता. या भागात शाळा आणि दवाखाने चालवण्यासाठी आलेल्या मिशनरी स्त्रियांपैकी बऱ्याच जणी आयुष्यभर अविवाहित राहिल्या, आणि त्यांच्या तसबिरी आपण कौतुकाने भिंतीवर लावतो.

‘माझे आयुष्य, माझी निवड’ हे आजचे बोल तुमच्या मुलीच्या तोंडी असतील किंवा नसतील, पण तिचा निर्णय तेवढ्यापुरता मानू नका. वर्गातल्या मुलांसाठी आयुष्य देणे हे पाचारणही, म्हणजे देवाचे बोलावणेही, असू शकते, आणि तसे ते आहे का, हे तिला प्रेमाने विचारावे. सभा चालवणाऱ्यांना भेटून सांगा की कोणासाठीही नाव घेऊन प्रार्थना करण्याआधी त्या व्यक्तीला विषय विचारावा. तिने कदाचित आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे नाव सांगितले असते.

प्रश्न : वडील मृत्युपत्र न करता वारले. आई आहे, दोन भाऊ आहेत. घर आणि गावाकडची थोडी जमीन आहे. भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतात आणि म्हणतात, ख्रिस्ती बहिणीने भावाशी वाटणीवरून भांडू नये. (कोल्हापूर शहर)

उत्तर : बायबलमधल्या सलाफहाद नावाच्या इस्राएली माणसाच्या पाच मुलींनी मोशे, याजक आणि सर्व मंडळी यांच्यासमोर उभे राहून वडिलांच्या वतनात वाटा मागितला, आणि त्या मुली यथार्थ बोलत आहेत, असे देवाने मोशेला सांगितल्याचे गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. त्या मुलींना भाऊ नव्हते, हे खरे. पण वाटा मागणे म्हणजे भांडण, असे शास्त्र समजत नाही एवढे त्यावरून नक्की कळते.

कायदा तुमच्या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मालमत्तेचा एक तृतीयांश हिस्सा आईचा आणि उरलेला दोन तृतीयांश सर्व मुलांमध्ये सारखा, मुलगा-मुलगी असा भेद न करता. म्हणजे तुम्हा तिघा भावंडांना प्रत्येकी दोन नवमांश. हा हिस्सा तुम्ही आपखुशीने भावांना दिलात तर तो तुमचा अधिकार आहे. कोणाच्या दडपणाखाली मात्र हक्कसोडपत्रावर सही करू नका, कारण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र रद्द करून घेणे फार अवघड जाते. वकिलाचा खर्च परवडणार नसेल तर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जाताना वडिलांच्या मृत्यूचा दाखला, घराची मिळकत पत्रिका, जमिनीचा सातबारा उतारा आणि भावांनी तयार केलेल्या हक्कसोडपत्राचा मसुदा सोबत न्या, आणि आईच्या हिश्श्याबद्दलही विचारून घ्या.